नीमो खरेच स्वच्छ झाला का?

वार्षिक परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस शाळेत मोठे अडचणीचे असतात. अभ्यासक्रम संपलेला असतो, मुले मात्र वर्गात असतात. अशा वेळी शाळेचा पडदा बाहेर निघतो आणि निवड फिरून फिरून त्याच पाच-सहा चित्रपटांवर येते. ‘फाइंडिंग नीमो’ हा त्यांपैकी एक. पिक्सार या अमेरिकन संस्थेने २००३ साली काढलेला, अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला हा ॲनिमेशनपट. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीजवळ राहणारा नीमो नावाचा लहानसा विदूषक मासा पाणबुड्याच्या हाती लागतो, सिडनीतल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यातील मत्स्यटाकीत येऊन पडतो आणि त्याचा बाप सारा समुद्र पालथा घालत त्याला शोधतो, अशी ही गोष्ट. मुलांना ती आवडते. आम्हालाही आवडते.

आम्ही म्हणजे ठाणे आणि डोंबिवलीच्या शाळांत विज्ञान शिकवणारे काहीजण. महिन्यातून एकदा एकत्र जमतो, एकमेकांचे प्रयोग पाहतो, फसलेले प्रयोग अधिक लक्ष देऊन पाहतो. यंदा आमच्यापैकी एकीने सातवीच्या वर्गाला हा चित्रपट दाखवला. तो संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, त्या कोळंबीनं पुसल्यावर नीमो लगेच स्वच्छ झाला. मग आपला मासा का मेला?”

हा प्रश्न चित्रपटाबद्दल आहे आणि आमच्याबद्दलही. त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. चित्रपटाचे परीक्षण करताना आपल्या टाकीचेही परीक्षण करावे लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रसंग कोणता?

नीमो टाकीत येतो. तिथले जुने रहिवासी त्याच्याभोवती जमतात. बोलता बोलता कळते की हा पोरगा दुकानातून आलेला नाही, थेट समुद्रातून आला आहे. हे ऐकताच गर्गल नावाचा जांभळा-पिवळा मासा किंचाळत मागे सरतो. याचे अजून निर्जंतुकीकरण झालेले नाही, असा त्याचा आक्षेप! मग जॅक नावाच्या कोळंबीला हाक मारली जाते. जॅक येतो, नीमोच्या अंगावरून झरझर पाय फिरवतो आणि काम झाल्याचे जाहीर करतो. पंचवीस-तीस सेकंदांचा हा मामला. मुले हसतात, गोष्ट पुढे जाते.

या चित्रपटातील विज्ञानाची चिकित्सा पूर्वी अनेकांनी केली आहे. विदूषक माशांत मादी मेली की प्रमुख नर मादीत बदलतो. तेव्हा नीमोची आई गेल्यावर त्याच्या बाबांची आई व्हायला हवी होती, हा मुद्दा तर आता विनोदाचा विषय झाला आहे. आम्हाला त्यात फारसे स्वारस्य नाही. कथेसाठी लेखकाने तेवढी मोकळीक घेतली तर बिघडत नाही. ते पाहून कोणी आपल्या टाकीत काही वेगळे करणार नाही. कोळंबीच्या प्रसंगाचे तसे नाही. ती कृती आहे, आणि मुले कृतीचे अनुकरण करतात. मोठी माणसेही करतात.

आधी श्रेय द्यायला हवे. मत्स्यटाकीवरच्या किती गोष्टींत, किती माहितीपत्रकांत, ‘नवा मासा जुन्यांच्या पाण्यात सोडण्यापूर्वी काही करायला हवे’ हा विचार येतो? आमच्या पाहण्यात फार थोड्या. इथे तो एका भित्र्या माशाच्या तोंडी, विनोद म्हणून का होईना, येतो. गर्गलला प्रेक्षक हसतात. पण त्या टाकीत शास्त्रीय वृत्तीचा तोच एक प्राणी आहे. त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. चुकले आहे ते उत्तर.

पुसणे आणि थांबणे

जॅक ज्या जातीचा आहे ती सफाई करणारी कोळंबी समुद्रात खरोखरच माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मृत त्वचा खाते. मासे तिच्यापुढे येऊन स्थिर उभे राहतात. टाकीतल्या प्रयोगांतही ती काही बाह्य कृमी आणि त्यांची अंडी खाऊन त्यांची संख्या घटवते असे दिसले आहे. म्हणजे चित्रपटकारांनी ही कल्पना हवेतून आणलेली नाही. परंतु ‘संख्या घटवणे’ आणि ‘उरला नाही असे ठरवणे’ यांत मोठे अंतर आहे. आणि जो परजीवी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सर्वाधिक उजाड करतो, त्याच्यापर्यंत कोळंबीचे पाय पोचतच नाहीत.

त्याचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. हा रोमक असलेला, एकपेशीय आदिजीव आहे. माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात ते याचेच. हे ठिपके त्वचेवर नसतात, त्वचेच्या वरच्या थराखाली असतात. कल्ल्यांतही असतात, आणि तिथे ते आपल्याला दिसत नाहीत. त्याचे जीवनचक्र चार पायऱ्यांत सांगता येईल:

पहिली पायरी माशावर. त्वचेखाली बसून तो पेशी आणि ऊतकद्रव खातो, वाढतो. ही अवस्था साधारण ३ ते ७ दिवस चालते.

दुसरी पायरी उतरण्याची. पोट भरलेला परजीवी आपण होऊन मासा सोडतो, बहुधा अंधारात, आणि तळाशी काही तास सरपटत जागा शोधतो.

तिसरी पायरी कोषाची. वाळू, दगड किंवा काच, जे सापडेल त्याला चिकटून तो स्वतःभोवती टणक कवच करतो आणि आत विभाजन करत राहतो. एकाचे दोनशेपर्यंत होऊ शकतात. यास सामान्यतः ३ ते २८ दिवस लागतात. ७२ दिवसांनी कोष फुटल्याचीही नोंद आहे.

चौथी पायरी शोधाची. कोष फुटून पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. दीड-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मिळाला तर पुन्हा पहिली पायरी.

आता जॅकच्या पंचवीस सेकंदांकडे पाहा. या चारांपैकी कोणत्या पायरीवर ते सेकंद उपयोगी पडतात? त्वचेखालचा परजीवी निघत नाही. कल्ल्यांतला दिसत नाही. नीमोबरोबर आलेल्या पाण्यात पोहणारी पिल्ले असतील तर त्यांच्याकडे कोणाचे लक्षच नाही. गर्गलच्या भीतीवरचा खरा उपाय अंग पुसणे हा नव्हता, वेळ जाऊ देणे हा होता. परजीवीला आपली फेरी पूर्ण करायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस नव्या माशाला इतरांपासून दूर, दुसऱ्या पाण्यात ठेवायचे आणि पाहात राहायचे. चित्रपटाला अर्थातच एवढे थांबता येत नाही. म्हणून तो पुसतो. आमची तक्रार इतकीच, की पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात.

टाकीतली मंडळी

याच प्रसंगाच्या आसपास आणखी एक मजेदार संवाद आहे. टाकीतले मासे आपापले मूळ सांगतात: कोणी एका दुकानातून आलेला, कोणी दुसऱ्या, कोणी टपालाने मागवलेला, कोणी इंटरनेटवरच्या लिलावातून. विनोद छानच आहे. पण जीवशास्त्राच्या शिक्षकाने इथे चित्रफीत थांबवावी, इतका तो महत्त्वाचा आहे.

गर्गल ज्या जातीचा आहे ती कॅरिबियन समुद्रातली. बबल्स नावाचा पिवळा मासा ज्या जातीचा, ती मुख्यतः हवाई बेटांभोवती सापडते. गिल हा हिंदी-प्रशांत महासागरातला मूरिश आयडॉल. बंदिस्त टाकीत जगवण्यास अत्यंत अवघड म्हणून हा मासा प्रसिद्ध आहे. नीमो ऑस्ट्रेलियाचा. निसर्गात हे चौघे एका पाण्यात कधीही भेटले नसते. त्यांच्यावरचे परजीवीही भेटले नसते. दंतवैद्याच्या टाकीने तीन समुद्रांतील मासे आणि चार व्यापाऱ्यांचे पाणी एकत्र आणले आहे. अशा ठिकाणी नवा मासा थेट सोडणे म्हणजे यात्रेच्या गर्दीत आजारी माणूस सोडण्यासारखे. आणि हा धोका दोन्ही बाजूंनी आहे. नीमोपासून त्यांना भीती आहे तशी त्यांच्यापासून नीमोलाही आहे. त्या बाजूने चित्रपटात कोणीच किंचाळत नाही.

समजा, दंतवैद्याला ठिपके दिसले आणि त्याने औषध टाकायचे ठरवले. या रोगावर तांब्याचे क्षार वापरतात. तांबे कोषाला किंवा त्वचेखालच्या परजीवीला फारसे काही करत नाही. पोहणाऱ्या पिल्लांना मारते. म्हणून ते पाण्यात योग्य प्रमाणात सतत काही आठवडे टिकवावे लागते. पण माशाला सोसवणारे हे तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना विष ठरते. म्हणजे पहिला बळी जॅकचा, मग पीच नावाच्या तारामाशाचा. शिवाय टाकीतली प्रवाळाची वाळू आणि दगड तांबे शोषून घेतात, त्यामुळे प्रमाण टिकत नाही. सफाई करणाऱ्याला मारल्याशिवाय ज्या टाकीत औषध करता येत नाही, त्या टाकीत रोग येऊ न देणे एवढाच मार्ग उरतो. वेगळी टाकी का हवी, याचे इतके नेटके उदाहरण आम्ही शोधूनही तयार केले नसते. ते चित्रपटात आयते आहे, फक्त चित्रपटाला त्याचा पत्ता नाही.

आमच्या टाकीचे परीक्षण

आता त्या मुलीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे.

आमच्यापैकी एकाच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने खाऱ्या पाण्याची टाकी भेट दिली. ती चार महिने उत्तम चालली. दोन विदूषक मासे, एक निळा डॅमसेल, दोन कोळंब्या. मग मुलांच्या आग्रहावरून एक पिवळा मासा आणला. दुकानदाराने पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायला सांगितली, आम्ही ठेवली. तापमान जुळले. मासा सोडला. पिशवीतले पाणीही सोडले. आम्हाला वाटले, शास्त्रीय पद्धतीने केले.

चौथ्या दिवशी नव्या माशावर ठिपके दिसले. विचारल्यावर एक निळे औषध मिळाले. ते टाकले आणि तीन दिवसांत ठिपके गेले! फलकावर आम्ही मोठ्या अक्षरांत ‘मासा बरा झाला’ असे लिहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाराव्या दिवशी सगळ्याच माशांवर ठिपके आले, मोजता येणार नाहीत इतके. सोळाव्या दिवशी टाकीत फक्त कोळंब्या होत्या. पिवळ्या माशाला ज्या मुलीने नाव दिले होते, तीच ही मागच्या बाकावरची.

आमची चूक केवळ मासे पाळण्यातली असती तर ती इथे सांगितली नसती. ती विज्ञान शिकवण्यातली चूक आहे. ठिपके औषधाने गेले नव्हते. पहिली पायरी संपल्यावर परजीवी आपण होऊनच उतरतो. त्या दिवसांत टाकीत निळे औषध टाका, हळद टाका किंवा काहीच टाकू नका, ठिपके जाणारच. ते तळाशी उतरून कोषात बसले होते आणि एकाचे दोनशे होत होते. ‘औषध दिले, नंतर ठिपके गेले, म्हणून औषधाने गेले’ हा तर्क आम्ही वर्गात एरवी खोडून काढतो. अंधश्रद्धेच्या पाठात याच तर्काची उदाहरणे देतो. आणि स्वतःच्या टाकीपुढे उभे राहून तोच फलकावर लिहिला.

दुकानदाराला दोष देऊन सुटका नाही. बहुतेक दुकानांत वीस टाक्या दिसतात, पण त्यांचे पाणी एकाच गाळणीतून फिरत असते. म्हणजे रोगाच्या हिशेबाने टाकी एकच. रोज नवा माल येतो आणि विकला जातो. एखादा मासा तिथे चार दिवस ठणठणीत दिसला याचा अर्थ एवढाच, की चार दिवसांत त्याच्यावर काही दिसले नाही. हे ओळखून थांबणे घेणाऱ्याचे काम आहे.

अलग टाकी: कृती आणि कारणे

मत्स्यटाकीवरच्या बहुतेक पत्रकांत कृती असते, कारण नसते. ‘दोन आठवडे वेगळे ठेवावे’ असे लिहिलेले असते. दोनच का, हे नसते. कारण माहीत नसले की माणूस पहिल्या अडचणीला कृती सोडतो. म्हणून खाली दोन्ही एकत्र देतो.

टाकी साधी, चाळीस-पन्नास लिटरची पुरे. तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही. वाळूत कोष लपतात, औषध शोषले जाते आणि घाण दिसत नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवावेत. घाबरलेला मासा खात नाही, आणि तुकडे धुऊन वाळवता येतात. दिसायला ही टाकी कुरूप असते. तशीच ती हवी.

गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज घ्यावा आणि तो आधी तीन-चार आठवडे मुख्य टाकीच्या पाण्यात ठेवावा. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. स्पंजावर वाढलेले जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू विकत आणलेल्या कोऱ्या स्पंजावर नसतात. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे आपला पीएच, ८.२ च्या आसपास असतो. सामू एक अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारी हयगय इथे खपत नाही. अमोनिया तपासण्याचा संच नसेल तर मासा आणूच नये. आणि आम्ही टाकले तसे निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते या जीवाणूंनाही मारक ठरते.

पाण्याबद्दल. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवायला रसायनाच्या प्रयोगशाळेतला हायपो उपयोगी पडतो. मीठ मात्र स्वयंपाकघरातले चालत नाही. भांडुप-मुलुंडकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कारण चटकन समजेल. मिठागरात कॅल्शियमचा बराचसा भाग आधीच्या वाफ्यांत जिप्सम होऊन खाली बसतो, आणि मीठ वेचल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्यात मॅग्नेशियम निघून जाते. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेले पंधरा टक्के मिठागरातच राहतात. खडेमीठ पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. मत्स्यटाकीसाठीचे तयार क्षारमिश्रण घ्यावे आणि क्षारता हजारी ३५ च्या जवळ, मुख्य टाकीइतकीच ठेवावी. ठाण्याच्या खाडीचे पाणी आणण्याचा मोह टाळावा. त्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता एकदम उतरते.

जाळी, नळी, बादली या टाकीची वेगळी. त्यांवर रंगीत चिकटपट्टी लावावी. आधी मुख्य टाकीचे काम, मग या टाकीचे, मग हात धुणे. उलट कधीही नाही. दोन्ही टाक्या शेजारी ठेवू नयेत, कारण उडणाऱ्या तुषारांतूनही काही परजीवी पसरतात. दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा दिवस आपल्याकडे ठरलेला असतोच. त्या दिवसासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा; उन्हाळ्यात कोमट झालेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

दिवस किती? माशावर जास्तीत जास्त ७, कोषात साधारण २८, शोधात २. बेरीज ३७. म्हणून चार ते सहा आठवडे. या काळात एखादा लपलेला परजीवी असेल तर त्याची फेरी पूर्ण होऊन तो वाढलेल्या संख्येने दिसतो. काही मासे मात्र थोडे परजीवी बाळगूनही निरोगी दिसतात. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. १९८७ साली इस्राएलमधील संशोधक कोलॉर्नी यांनी ती मांडली. मासा दर तीन दिवसांनी दुसऱ्या, कोरड्या करून नव्याने भरलेल्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. उतरलेला परजीवी कोषात असतानाच मासा तिथून निघून जातो; कोष फुटतात तेव्हा टाकीत कोणी नसते. औषधाचा एक थेंब न वापरता, केवळ जीवनचक्राच्या वेळापत्रकावर मात केलेली आहे. विदूषक माशांवरचा ब्रुकलिनेला मात्र या युक्तीने जात नाही. तो माशावरच विभागून वाढतो, त्याला उतरण्याची गरज नसते. ‘मखमली’ रोग करणाऱ्या ॲमिलोऊडिनियमसाठीही तिच्यावर विसंबू नये. एका युक्तीने सर्व रोग जात नाहीत, हेही मुलांना सांगावे.

चाळीस दिवसांचा शब्द

१३७७ साली आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिकने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे ते चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’वरून क्वारंटाइन हा शब्द आला. आमची ३७ ची बेरीज या चाळीसच्या जवळ येते तो योगायोग आहे. प्लेगचे जंतू तेव्हा कोणाला माहीत नव्हते. २०२० साली कोविडमध्ये आपण सर्वांनी चौदा दिवस अनुभवले. तेव्हाच्या सरकारी मराठीत दोन शब्द होते: आजारी माणसाचे विलगीकरण आणि निरोगी दिसणाऱ्या, पण संपर्कात आलेल्या माणसाचे अलगीकरण. बोलताना त्यांची सरमिसळ झाली. टाकीपुढे हा भेद महत्त्वाचा आहे. आपण नवा मासा आजारी आहे म्हणून वेगळा ठेवत नाही. तो आजारी आहे की नाही हे अजून आपल्याला ठाऊक नाही म्हणून ठेवतो.

देशाला हे ठाऊक आहे. १९९४ च्या सुमारास कोळंबीशेतीत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला आणि तळीच्या तळी रिकामी झाली. तो रोग निराळा, नाव तेवढे सारखे. पुढे परदेशी कोळंबीची पैदास सुरू करताना २००९ पासून तिचे प्रजनक प्राणी चेन्नईच्या सरकारी केंद्रात अलग ठेवून, तपासूनच आत घेतले जाऊ लागले. जॅकच्या चुलतभावंडांना जो नियम लागू आहे तो आपल्या शाळेतल्या टाकीलाही लागू करायला हरकत नसावी.

शेवटचा प्रसंग

चित्रपटाच्या शेवटी दंतवैद्याचे मासे प्लास्टिकच्या पिशव्यांतून घरंगळत रस्ता ओलांडतात आणि सिडनीच्या बंदरात उतरतात. आता पिशवीतून बाहेर कसे पडायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न, आणि आपण हसतो. परंतु गर्गलच्या प्रश्नाची कसोटी इथे लावली तर हा साऱ्या चित्रपटातला सर्वांत मोठा अपघात आहे. कॅरिबियनचा मासा, हवाईचा मासा आणि त्यांच्यावर जे काही असेल ते, एका तिसऱ्याच समुद्रात जात आहे. सुटकेचा आनंद खरा आहे. प्राण्यांना काचेत ठेवू नये, हे मुलांच्या मनात ठसते तेही चांगले आहे. पण टाकीतला मासा बाहेरच्या पाण्यात सोडणे म्हणजे दया, हा धडा चुकीचा आहे. काचा साफ करायला आणलेला ‘सकर’ मासा असाच दयेपोटी सुटून देशातल्या किती तरी नद्या-तलावांत पसरला आहे. मासुंदा तलावाच्या काठी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला अडवायचे तर हा प्रसंग आधी वर्गात बोलून घ्यायला हवा.

मग चित्रपट दाखवू नये का? जरूर दाखवावा. तो प्रेमाने केलेला आहे, आणि त्याच्या चुकाही शिकवण्याजोग्या आहेत. आमची सूचना एवढीच, की कोळंबी ‘स्वच्छ’ म्हणते तिथे थांबवावा. फलकावर जीवनचक्राच्या चार पायऱ्या काढाव्यात आणि मुलांना विचारावे, जॅकने यांतले काय पुसले? पुढे दंतवैद्याने काय करायला हवे होते, ते मुलांना लिहू द्यावे. यासाठी शाळेत टाकी असण्याचीही गरज नाही. टाकी घेणारच असाल तर आधी रिकामी, कुरूप, उघड्या तळाची टाकी मांडा, शोभेची नंतर. तेवढी जागा किंवा चिकाटी नसेल तर खाऱ्या पाण्याचे मासे आणू नका. मासे पाहायचेच असतील तर आपल्या जवळ, ठाणे खाडीच्या काठी ऐरोलीला वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे सहल नेता येईल.

आमच्या शाळेतील टाकी अकरा आठवडे माशांविना ठेवली. कोळंब्या होत्या, गाळणी चालू होती, पाणी बदलत होतो. वर्गाबाहेर लावलेल्या कागदावर मुले रोज एक रेघ मारत होती. ‘फलकावर काय लिहू?’ असे आम्ही त्या मुलीला विचारले, तेव्हा तिने स्वतःच खडू घेतला आणि ‘मासा बरा झाला’ जिथे लिहिले होते त्याच जागी लिहिले: ‘अजून माहीत नाही.’

ते वाक्य आम्ही अजून पुसलेले नाही.